मागच्या सीटवर आपलंच लेकरू असतंय

दहावीचा निकाल लागला की या सदरात गाड्यांची पत्रं यायला सुरुवात होते. या खेपेला इतकी आली की सासू-सून, नोकरी, लग्न सगळं पुढच्या अंकावर ढकललंय. ज्यांची पत्रं राहिली त्यांनी रागवू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. मी लातूरला असते. मुलगा अकरावीला आहे, सोळा पूर्ण. आम्ही त्याला अठरा होईपर्यंत गाडी देणार नाही आणि हे त्यानं पण मान्य केलंय, तेवढा शहाणा आहे तो. पण त्याच्या मित्रांकडं सगळ्यांकडं गाड्या, कुणाची स्कुटी कुणाच्या बापाची बुलेट, ट्युशनच्या टायमाला दारात येऊन हॉर्न वाजवतात आणि हा मागं बसून जातो. कधी कधी तिघं एकाच गाडीवर असतात, मी गॅलरीतून बघते आणि पोटात गोळा येतो. त्यातला एक आमच्या नणंदेचाच मुलगा आहे. आता तिला काय तोंडानं सांगू की तुझ्या पोराच्या गाडीवर माझा बसणार नाही? मिस्टर म्हणतात तू उगं लई विचार करतीस, गल्लीतली सगळी पोरं चालवतेत. – एक आई, लातूर

उत्तर : तुमच्या पत्राला जास्त जागा देतेय, कारण बाकीचे सगळे विचारतात गाडी कधी द्यावी, आणि तुम्ही एकट्यानंच विचारलंय की दुसऱ्यानं दिली तर आपण काय करायचं. खरा घोर तिथंच आहे. आपण चावी कपाटात ठेवतो आणि वाटतं आपलं काम झालं, पण लेकरू स्वतः गाडी चालवायच्या आधी वर्ष दोन वर्षं कुणाच्या ना कुणाच्या मागं बसून फिरत असतंय, आणि मागं बसणाऱ्याच्या हातात ना हँडल ना ब्रेक. हेल्मेट तर मागच्याला लागतं हेच आपल्याकडं कुणाच्या डोक्यात नाही. कायद्यात चार वर्षांवरच्या प्रत्येकाला आहे, पुढं बसा नाहीतर मागं.

दुसरं म्हणजे पोरगं एकटं असताना गाडी चालवतं तशी ते मित्र मागं बसल्यावर चालवत नाही. एकटा असला की नीट जातो, मागून कुणी ‘अरे ओढ की, काय बाईसारखं चालवतोस’ म्हणलं की झालं. (हे बाईसारखं म्हणणारे कुठून शिकतात ते आपल्या घरात एकदा बघावं, पुढं नांदेडच्या पत्रात त्याचा विषय निघालाच आहे.) ट्रिपल सीटला तर सगळं वजन मागच्या चाकावर जातं, पुढचं चाक हलकं होतं, हँडल हलायला लागतं आणि ब्रेक मारला तरी गाडी पाहिजे तिथं थांबत नाही. साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते, म्हणजे समोरची रिक्षा थांबली हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंतच बसच्या लांबीपेक्षा जास्त अंतर कापलेलं असतं. हे पोराला ओरडून सांगू नका, त्याला स्वतःलाच गणित करायला लावा, सायन्सला आहे ना.

आता नणंदेचं. तुम्ही सांगूच नका. बहीण कुणाची आहे? ज्यांची आहे त्यांनी फोन लावावा. आणि ‘तुझा पोरगा गाडी नीट चालवत नाही’ असं एक अक्षर बोलायचं नाही, नाहीतर दिवाळीला भाऊबीज होणार नाही. एवढंच म्हणायचं की आमच्याकडं ह्याच्यापुरता नियम केलाय, लायसन नसलेल्या कुणाच्याच गाडीवर बसायचं नाही, मग तो घरचा असो की बाहेरचा. नियम आपल्या पोरावर आहे त्यांच्या पोरावर नाही, म्हणून भांडायला जागा राहत नाही. आणि माझा अंदाज सांगू का, त्या नणंदेच्या पण पोटात गोळा येत असणार, फक्त पहिलं कोण बोलणार म्हणून सगळ्याजणी गप्प बसल्यात. मैत्रिणी-मैत्रिणींत एकीनं तोंड उघडलं की बाकीच्या पटापट बोलायला लागतेत.

पण नुसतं बसू नको म्हणून चालत नाही, जायचं कसं ते पण द्यावं लागतं. तुमच्याकडं ट्युशन एरियात बाहेरगावची हजारो पोरं रूम करून राहतेत आणि पायी फिरतेत, त्यांचं काही अडत नाही. तुमचं घर लांब असेल तर चार घरांनी मिळून महिन्याची रिक्षा लावा, पेट्रोलचा हिशोब केला तर फार फरक पडत नाही. नाहीतर सायकल. अकरावीच्या पोराला सायकलची लाज वाटते हे मला माहितीय, तरी पण सांगतेय.

आणि पोराला मित्रांसमोर तोंड दाखवायला जागा ठेवा. ‘माझी आई लई खडूस आहे, लोकेशन बघत बसते’ असं त्यानं बाहेर सांगितलं तर सांगू द्या. खडूस व्हा, काही जात नाही.

एक मात्र नक्की करा. रात्री बाराला वाढदिवसाचे केक रोडवर कापायचं फॅड आलंय, रिंग रोडला नाहीतर धाब्यावर. अशा ठिकाणी हा गेला आणि परत आणणारा मित्र प्यायलेला आहे किंवा गाडी पळवायच्या मूडमध्ये आहे असं वाटलं तर त्यानं फोन करायचा आणि तुम्ही किंवा वडिलांनी उठून जायचं. वाटेत एक शब्द बोलायचा नाही, घरी आल्यावर पण नाही, सकाळी चहाला काय ते बोला. रात्रीच ओरडलात तर पुढच्या वेळी तो फोन करणार नाही, मागं बसून येईल. हे मिस्टरांना पण वाचून दाखवा, गल्लीतली सगळी पोरं चालवतेत म्हणणाऱ्यांना मध्यरात्री गाडी काढायची तयारी पाहिजे.

प्रश्न : ताई, मी शेतकरी माणूस आहे, गंगाखेड तालुका. पोरगं सतरा वर्षाचं, बारावीला. गावाला एसटी सकाळी एक आणि सांजच्याला एक, कॉलेज सुटतंय दुपारी. शेतातून दूध आणायचं, आजीला दवाखान्यात न्यायचं, दळण, खताची पिशवी, समदं त्योच करतो मोटारसायकलवर. दोन वर्षापासून चालवतो, हात एकदम साफ हाय. गावात कोण पोलीस येतोय? पण परवा कुणीतरी मनलं की पोरानं गाडी चालवली तर बापाला जेल होते. खरं हाय का हे? – एक वडील, जि. परभणी

उत्तर : दादा, खरं आहे. २०१९ ला मोटार वाहन कायद्यात बदल झाला आणि कलम १९९ अ आलं. अठराच्या आतल्या मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक आणि गाडीमालक दोषी धरले जातात, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द होतं आणि त्या मुलाला वयाच्या २५ पर्यंत लायसन मिळत नाही. मला माहीतच नव्हतं असं म्हणून सुटायची सोय कायद्यात आहे, पण ते सिद्ध तुम्हालाच करावं लागतं, आणि तुमच्याच दुधाचा कॅन गाडीला अडकवलेला असताना ते कोण मानणार.

सोळाव्या वर्षी लायसन मिळतं असं पण गावात कुणीतरी सांगतोच. ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगेअरच्या गाडीला, आणि तुमची मोटारसायकल सोडा, शहरातल्या पोरींच्या स्कुट्या पण शंभर सीसीच्या वरच्या असतात.

पोलिसापेक्षा मला इन्शुरन्सची जास्त भीती वाटते. लायसन नसलेल्या पोराच्या हातून कुणाला लागलं तर कंपनी समोरच्याला पैसे देऊन नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे ज्या गाडीवर दळण आणलं त्या गाडीपायी शेत विकायची वेळ. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तर लायसन नाही म्हणल्यावर विसराच.

आता थोडं कडू बोलते. गाडी पोरानं मागितली म्हणून आपल्याकडं दिली जात नाही, आपल्याला दूध पाहिजे असतं, दळण पाहिजे असतं, आजीची तारीख असते, म्हणून पंधरा वर्षाच्या पोराला आपणच स्टँड काढून देतो आणि मग पाहुण्यांत सांगतो हात साफ आहे म्हणून. मग तेच पोरगं चार मित्रांना घेऊन मोंढ्यात दिसलं की आपण म्हणतो ऐकत नाही. कामाला चालवलेली चालते आणि मजेला चालवलेली चालत नाही, हा फरक त्याला कसा कळावा?

हात साफ असेलच, मी नाही म्हणत नाही. हाताला क्लच कळतो, पण समोर काय येईल ते कळायला वय लागतं. तुमच्या भागात ऊस तोडणी सुरू झाली की अंधारात रस्त्यावर दोन दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर उभा असतो, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, समोरच्या गाडीचा फोकस डोळ्यावर आला की ट्रॉली दिसतच नाही. सोयाबीनच्या सुगीत अर्ध्या रस्त्यावर रास पसरलेली, कडेनं दगड लावलेले, दाण्यावरून चाक गेलं की सरळ घसरतं. आणि ज्या गावांजवळ रस्ते चारपदरी झालेत तिथं वळसा लांब पडतो म्हणून सगळे उलट्या बाजूनं घुसतात, पोरं तेच बघून शिकतात.

तुमची अडचण खोटी नाही, एसटी नसताना कॉलेजला कसं जायचं हा प्रश्न आहेच. तरी अठरा व्हायला किती महिने राहिले ते मोजा आणि तेवढे महिने दूध आणि दवाखाना तुम्ही करा किंवा सायकलवर करा. दुपारच्या फेरीसाठी कॉलेजच्या प्राचार्यांचं आणि ग्रामपंचायतीचं पत्र घेऊन डेपोत जा, एकट्यानं जाऊन उपयोग नाही, तुमच्यासारखे दहा-वीस बाप घेऊन जा. विद्यार्थ्यांच्या पासला सवलत मोठी आहे, बारावीपर्यंतच्या मुलींना तर फुकट आहे, पास काढणारी पोरं जास्त दिसली की फेरी मागायला तोंड राहतं. आणि हो, ट्रॅक्टरला पण हेच सगळं लागू आहे, ते विचारायचं तुम्ही टाळलंत.

प्रश्न : माझी मुलगी अठरा पूर्ण झाली, तिनं स्वतः ऑनलाईन लर्निंग लायसन काढलं. तिचे पप्पा म्हणतात पोरीला गाडी कशाला, ट्रॅफिक किती आहे. आणि तिचा भाऊ पंधरा वर्षाचा, तो बिनधास्त गाडी नेतो, त्याचं कौतुक! काय बोलावं ताई? – नांदेड

उत्तर : ज्याच्याकडं कागद आहे तो घरात आणि ज्याच्याकडं नाही तो रोडवर. आधी भावाची चावी काढून घ्या, आजच, पेपर वाचून झाल्यावर.

मुलीचं सांगते. लर्निंग सहा महिने चालतं, तीस दिवसांनंतर पक्क्या लायसनची टेस्ट देता येते. तोपर्यंत गाडीला पुढं-मागं लाल अक्षरातला एल लावायचा, शिकवणारा लायसनवाला सोबत पाहिजे आणि मैत्रिणीला मागं बसवायचं नाही, शिकवणारा सोडून दुसरं कुणीच चालत नाही. तो शिकवणारा पप्पांनाच करा. रविवारी सकाळी लवकर, रस्ते मोकळे असताना, मग हळूहळू वजिराबादच्या गर्दीत. ट्रॅफिकची भीती आहे ना, मग मागं बसून दाखवू द्या की कुठं काय बघायचं. महिनाभरात त्यांचं मत बदलेल, नाही बदललं तरी पोरगी शिकलेली असेल.

प्रश्न : नातवाला बॅटरीची स्कुटी घेऊन द्यायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो लायसन लागत नाही, पासिंग नाही, काहीच नाही. वय चौदा. – एक आजोबा, बीड

उत्तर : आजोबा, दुकानदार अर्धं बोलतोय. मोटर २५० वॅटच्या आतली आणि स्पीड ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणारी असेल तरच लायसन आणि नंबर लागत नाही. त्याच्याकडं त्या मॉडेलचं सर्टिफिकेट मागा, दाखवायला टाळाटाळ केली तर समजून घ्या. आणि ‘एक वायर काढली की पन्नास पळते’ असं तो हळूच कानात सांगेल, तिथंच ती गाडी नोंदणीच्या आणि लायसनच्या नियमात येते आणि नातू बेकायदेशीर होतो. पंचवीसच्या स्पीडनं डोकं आपटलं तरी फुटतं, म्हणून गाडीच्या किमतीतच आयएसआय मार्कचं हेल्मेट मागून घ्या, रस्त्याच्या कडेला दोनशेला मिळतं ते नको. माझ्या मनातलं विचाराल तर चौदाव्या वर्षी गिअरची सायकल द्या.

प्रश्न : मी सतरा वर्षाचा आहे. पप्पा मला म्हणतात अठरापर्यंत गाडीला हात लावायचा नाही. मी लावत पण नाही. पण ते स्वतः हेल्मेट घालत नाहीत, मोबाईल मानेत दाबून बोलत चालवतात, मला मागं बसवून सिग्नल तोडतात. मग माझ्यावरच का? – जालना

उत्तर : तुझं बरोबर आहे आणि तुझ्या पप्पांचं चुकतंय, यात दुसरं काही नाही. पण त्यांचं चुकतंय म्हणून तुझी सूट होत नाही बाळा.

भांडू नको. पुढच्या वेळी त्यांच्या मागं बसायची वेळ आली की आधी दोन हेल्मेट घेऊन दारात उभा राहा, एक त्यांच्या हातात दे आणि पट्टा लावल्याशिवाय बसू नको. फोन वाजला की म्हण पप्पा मी उचलतो, तुम्ही चालवा. ओरडतील एकदोनदा. तरी नाही ऐकलं तर तुझ्या आईला हे पान दाखव, तिचं ऐकत असतील.

तुझं लर्निंग अठरा झाल्यावरच निघेल, तोपर्यंत एक काम करून ठेव. आधारला जो मोबाईल नंबर जोडलाय तो चालू आहे का बघ, बऱ्याच जणांचा बंद पडलेल्या सिमचा असतो. घरी बसून परीक्षा द्यायची तर ओटीपी त्याच नंबरवर येतो.