ब्रिटनच्या पोस्ट ऑफिस खटल्यांत वकील अशिलाच्या सांगण्यावरूनच वागले ना? मग त्यांना जबाबदार का धरायचं?

कारण त्यातले बरेच जण खटला चालवणारे वकील होते, आणि खटला चालवणाऱ्याला तुम्ही म्हणता त्या अर्थाचा अशील नसतोच. बचावाचा वकील आरोपीची बाजू लढवतो. फिर्यादी पक्षाच्या वकिलाचं काम आरोपीला आत पाठवणं हे नसून, जे हाती आहे ते सगळं कोर्टापुढे ठेवणं हे असतं, आपल्याला अडचणीचं असलं तरी. आपल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतही हे आहे : निरपराध माणसाला शिक्षा होईल अशा रीतीने खटला चालवू नये, आणि आरोपीचं निर्दोषत्व दाखवू शकेल असा पुरावा दडपू नये. इंग्लंडमधला दंडक याहून सैल नाही.

मी बावीस वर्षं जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. या खटल्यांबद्दल ब्रिटनमध्ये जी सार्वजनिक चौकशी नेमली गेली, तिच्या सुनावण्या यूट्यूबवर सर्वांना खुल्या होत्या. कोर्टातून घरी आल्यावर कित्येक रात्री मी त्या बघितल्या. काही साक्षी ऐकल्यावर झोप लागली नाही.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तिकडचे सबपोस्टमास्तर म्हणजे आपल्यासारखे पगारी सरकारी कर्मचारी नव्हेत. बहुतेक जण आपल्या दुकानातच पोस्टाचा काउंटर चालवणारे, करारावरचे लोक. 1999 पासून त्यांच्या काउंटरवर ‘होरायझन’ ही संगणकप्रणाली आली, पुढे फुजित्सू या जपानी कंपनीची म्हणून ओळखली गेलेली. तिच्यात दोष होते. प्रत्यक्षात नसलेली तूट हिशेबात दिसायची, आणि पोस्ट ऑफिस ती सबपोस्टमास्तरकडून वसूल करायचं. भरता आली नाही की चोरी, अपहार, खोटे हिशेब असे आरोप. 2015 पर्यंत 900 हून अधिक जण दोषी ठरले, त्यातले सुमारे 700 खटले पोस्ट ऑफिसने स्वतः चालवलेले.

‘स्वतः चालवलेले’ हा सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. इंग्लंडमध्ये खासगी फिर्यादीची जुनी मुभा आहे. पैसे ज्याचे गेले म्हणायचे तो पोस्ट ऑफिस, तपास करणारे पोस्ट ऑफिसचे नोकर, खटला भरायचा की नाही हे ठरवणारे पोस्ट ऑफिसचेच वकील. मध्ये ना पोलीस, ना क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस, म्हणजे तिकडची सरकारी खटले चालवणारी यंत्रणा. म्हणजे ‘थांबा, याला पुरावा कुठे आहे?’ असं विचारू शकणारा एकच माणूस त्या साखळीत उरतो : वकील.

जो हॅमिल्टन यांचं प्रकरण घ्या. हॅम्पशायरमधल्या साउथ वॉर्नबरो गावात त्यांचं दुकान. सुमारे 36,000 पौंडांची तूट दिसत होती. पोस्ट ऑफिसच्याच तपासनिसाने अहवालात लिहिलं होतं की चोरीचा पुरावा सापडत नाही. तरी चोरीचा आरोप ठेवला गेला. मग सौदा झाला : खोटे हिशेब लिहिल्याचं कबूल करा, पैसे भरा, होरायझनला दोष देऊ नका, चोरीचा आरोप मागे घेतो. तुरुंगाच्या भीतीने त्यांनी कबुली दिली. पैसे उभे करायला गावातल्या लोकांनी वर्गणी काढली. मी स्वतः अशिलांना कबुलीचा सल्ला दिलेला आहे, त्यामुळे हा दबाव कसा काम करतो हे मला चांगलं कळतं. ज्या आरोपाला पुरावा नाही असं आपल्याच फाइलमध्ये लिहिलेलं आहे, तो आरोप निव्वळ भीती घालायला वापरणं यात ‘अशिलाची सूचना’ कुठे बसते?

दुसरं प्रकरण सीमा मिश्रांचं. सरेमधलं वेस्ट बायफ्लीट. त्यांनी खटल्यात होरायझनवरच बोट ठेवलं होतं. प्रणाली विश्वासार्ह आहे असं सांगायला फुजित्सूचे अभियंता गॅरेथ जेन्किन्स यांची साक्ष झाली. नोव्हेंबर 2010 मध्ये 15 महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्या आठ आठवड्यांच्या गरोदर होत्या आणि त्या दिवशी त्यांच्या मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. पोस्ट ऑफिसचे सॉलिसिटर जर्नेल सिंग यांनी निकालानंतर कार्यालयात ईमेल पाठवला. बचावाचा होरायझनवरचा हल्ला आपण परतवला, आता इतर आरोपी याच वाटेने यायला धजणार नाहीत अशी आशा आहे, असा त्याचा सूर होता. खटला सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी होरायझनमधल्या एका दोषाची टिपण त्यांच्या संगणकावर पोचली होती, असं चौकशीत दाखवलं गेलं. आपण ती वाचल्याचं त्यांनी मान्य केलं नाही. ती टिपण बचाव पक्षाला मिळाली नाही.

आता मी ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो, त्याकडे येतो. जुलै 2013 मध्ये कार्टराइट किंग या फर्ममधले बॅरिस्टर सायमन क्लार्क यांनी पोस्ट ऑफिसला लेखी सल्ला दिला. जेन्किन्स यांना दोष माहीत होते, त्यांनी ते कोर्टापासून लपवले, तज्ज्ञ साक्षीदार म्हणून असलेलं कर्तव्य मोडलं, यापुढे त्यांना साक्षीला उभं करता येणार नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. पुढच्याच महिन्यात त्यांच्या कानावर आलं की होरायझनच्या अडचणींवरच्या साप्ताहिक बैठकांची टिपणं नष्ट करायला सांगितलं गेलंय. त्यावर त्यांनी दुसरा सल्ला लिहिला : नोंदी जपून ठेवणं हे कायदेशीर कर्तव्य आहे, ते टाळता येणार नाही. एका वकिलाने आपलं काम केलं. पण जुलैच्या सल्ल्याचा तो कागद शिक्षा भोगून आलेल्यांच्या हाती पडला तो नोव्हेंबर 2020 मध्ये. मधली सात वर्षं तो कागद अस्तित्वात होता, अनेक वकिलांना माहीत होता, आणि सीमा मिश्रा लोकांच्या नजरेत चोर होत्या. एप्रिल 2021 मध्ये अपील न्यायालयाने 39 जणांच्या शिक्षा रद्द केल्या, आणि मुळात हे खटले चालवणं हाच न्यायबुद्धीचा अपमान होता असं म्हटलं.

या सात वर्षांबद्दल मी कठोर आहे, आणि त्याला कारण माझं स्वतःचं आहे. वकिलीच्या सुरुवातीला एका पतसंस्थेकडून मला काम होतं. त्यांच्या कॅशिअरवर अपहाराचा खटला सुरू होता आणि मी सरकारी वकिलांना साहाय्य करत होतो. कागद चाळताना संगणकात नोंदी दुबार पडल्याची एक तक्रार दिसली, कॅशिअरला पकडण्याच्या आधीची. ‘ही दाखल करायला हवी,’ मी म्हणालो. आठवड्याने फाइल परत मागवली गेली. दुसरा वकील नेमायला माझी हरकत नाही असं मी लिहून दिलं आणि गप्प बसलो. सरकारी वकिलांना सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं. त्या कॅशिअरला मी आजही बाजारात बघतो आणि समोर जात नाही.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्थ असाही असू शकतो : चौकशीतून शिक्षा होणार का? चौकशी आयोग ती देऊ शकत नाही. 2005 च्या चौकशी कायद्यानुसार दिवाणी किंवा फौजदारी दायित्व ठरवायचा अधिकारच आयोगाला नाही. आयोगाचे अध्यक्ष सर विन विल्यम्स सत्य शोधू शकतात, नावं घेऊन टीका करू शकतात, बस. साक्षीदाराला स्वतःला गुन्ह्यात गोवणारं उत्तर नाकारता येतं. परदेशी राहणाऱ्याला जबरदस्तीने बोलावताही येत नाही : पोस्ट ऑफिसच्या माजी मुख्य विधी अधिकारी जेन मॅक्लाउड ऑस्ट्रेलियात होत्या, त्यांनी तोंडी साक्ष द्यायचं नाकारलं. खरी कारवाई पोलीस आणि सॉलिसिटरांची नियामक संस्था यांच्याकडे. त्या संस्थेने वीसहून अधिक सॉलिसिटर आणि फर्म्सची चौकशी चालवल्याचं जाहीर केलं आहे, पण मोठा निर्णय आयोगाच्या निष्कर्षानंतर. मला हा उशीर पटत नाही. खटल्यांना वीस-वीस वर्षं झाली, निवृत्त वकिलाची सनद काढून घेऊन काय साधणार?

आणि ‘अशिलाच्या सांगण्यावरून’ याचं पोस्ट ऑफिसमधलं रूप पाहायचं असेल तर मुख्य कार्यकारी अधिकारी पॉला व्हेनल्स यांची 2013 ची एक टिपण वाचा, चौकशीत ती दाखवली गेली. तेव्हाच्या मुख्य वकील सुझन क्रिक्टन यांनी कंपनीच्या हितापेक्षा वकील म्हणून आपली सचोटी वर ठेवली असावी, असं त्यात तक्रारीच्या सुरात लिहिलं आहे. क्रिक्टन त्याच वर्षी नोकरी सोडून गेल्या.