फेरेट बिळात ससा धरून बसली, तर खणायचे केव्हा आणि कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : इंग्लंडमध्ये शेजारच्या शेतकऱ्याच्या बांधावर, मार्चच्या अखेरीस, सशांसाठी बिळात सोडलेली तुमची फेरेट (ससे बिळातून हुसकावण्यासाठी पाळतात तो छोटा शिकारी प्राणी) मादी बराच वेळ बाहेर आली नाही, गळपट्ट्यावरील यंत्राने दाखविलेल्या जागी तुम्ही सरळ फावडे घातले, माती ढासळली आणि मादी तिथे नव्हतीच, दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र ती बिळाच्या तोंडाशी आपणहून येऊन बसलेली सापडली. मग चुकले काय, आणि यापुढे तिला मुसके बांधून सोडावे काय? मी इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफकमध्ये राहतो आणि गेले 16 हिवाळे एका वयस्क शेतकऱ्याबरोबर हे काम करतो आहे. माझीही मादी कित्येकदा खणून काढावी लागली असल्यामुळे हे उत्तर अनुभवाने देतो.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा आधीच करतो. आपल्याकडचा रानससा बीळ करत नाही, गवतातल्या खोलगटात दबून बसतो, आणि त्याची शिकार हा आपल्याकडे गुन्हा आहे. इथला ससा निराळा. तो जमिनीखाली एकमेकांना जोडलेली बिळे पोखरतो आणि कोवळे पीक कडेने साफ करत जातो. 1954 च्या कायद्यानुसार इंग्लंड व वेल्समध्ये, काही थोडे भाग वगळता, आपल्या जमिनीवरील सशांचा बंदोबस्त करणे हे जमीन कसणाऱ्याचेच कर्तव्य आहे, त्यामुळे शेतकरी परवानगी सहसा आनंदाने देतो. फेरेट हे युरोपातील पोलकॅट या रानटी प्राण्याचे पाळीव रूप. दिसायला मुंगसासारखे, पण कूळ पाणमांजराचे. बिळांच्या तोंडांवर बटव्यासारखी आवळणारी जाळी पसरायची, फेरेट आत सोडायची आणि घाबरून बाहेर उसळलेला ससा जाळ्यात सापडायचा, एवढीच ही पद्धत.

ती फसते कुठे, तर ससा बाहेर न पळता बिळाच्या बंद टोकात शिरतो तेव्हा. तिथे तो तोंड मातीकडे आणि पाठ फेरेटकडे करून घट्ट बसतो. पुढे जायला वाट नसल्याने फेरेट त्याची पाठ ओरबाडत राहते, किंवा बाजूने घुसून मान धरते आणि मारलेल्या सशाजवळच ठाण मांडते. तुमच्या बाबतीत तिसरी शक्यता मला अधिक वाटते. मार्चच्या अखेरीस बिळांत पिले असतात. सशीण पोटाची लव उपटून त्यांच्यासाठी मऊ अंथरूण करते. पिलांना पळता येत नाही. फेरेट ती मारते, पोटभर खाते आणि त्याच उबदार अंथरुणात झोपून जाते. म्हणून आम्ही पानगळ झाल्यावर सुरू करतो आणि फेब्रुवारीत पिलांची चाहूल लागली की थांबतो. तुमची पहिली चूक फावड्याची नव्हे, महिन्याची होती.

दुसरी चूक घाईची. गळपट्ट्यावरील यंत्राचा इशारा पकडणाऱ्या हातातल्या पेटीचा आवाज एका जागी आला म्हणजे फेरेट थांबलीच, असे नाही. आम्ही जागा सापडल्यावर तिथे काटकी रोवतो आणि निदान पंधरा-वीस मिनिटे पाय न आपटता उभे राहतो, कारण वरची धपधप सशाला आत अधिकच चिकटवून ठेवते. तेवढ्या वेळात फेरेट पुष्कळदा स्वतःच कंटाळून दुसरीकडे निघते. काटकीजवळचा आवाज जराही हलला नाही, तरच फावडे हाती घ्यायचे. जागा शोधताना पेटी आधी उभी रेघ ओढल्यासारखी आणि मग तिला छेदणारी आडवी रेघ ओढल्यासारखी फिरवावी, आवाज जिथे सर्वांत तीव्र होतो तो छेदबिंदू धरावा, आणि मगच पेटीवरील खोलीचा आकडा वाचावा. बहुतेक वेळा तो दोन-तीन फुटांचा असतो.

आता खणण्याविषयी. काटकीच्या बरोबर वर कधीही खणू नये; वीतभर बाजूने सुरुवात करावी, म्हणजे छत कोसळले तरी ते प्राण्याच्या डोक्यावर येत नाही. इथे त्यासाठी अरुंद, लांबट पात्याचे फावडे वापरतात. आधी वरची हिरवळ चौकोनी कापून सलग बाजूला ठेवावी, माती एकाच अंगाला टाकावी, आणि दर फूटभर खोलीनंतर पेटी खड्ड्यात धरून पुन्हा ऐकावे. आत माती ओरबाडल्याचा आवाज लागला की फेरेट सरकू शकते आणि सगळे गणित बदलते. शेवटचा फूटभर थर मात्र हातानेच काढायचा. एकदा माझी बोटे अचानक पोकळीत गेली आणि आधी हाताला लागली ती सशाची गरम, थरथरणारी पाठ, तिच्यावरची लव पार ओरबाडून निघालेली. फेरेट तिच्या मागे, माझ्या मनगटाच्या उजवीकडे होती. अशा वेळी भोकाची दुसरी बाजू लगेच हिरवळीच्या ढेकळाने बुजवावी, आधी फेरेट उचलून पेटाऱ्यात टाकावी आणि मग सशाला मागच्या पायांनी ओढून तत्काळ, वेदना न लांबवता मारावे. हात आत घालण्यापूर्वी ते मातीत चोळून घ्या, कारण हाताला सशाचा वास असला तर फेरेट बोट आणि ससा यांत भेद करत नाही. माझ्या अंगठ्यावर त्याची खूण आहे.

एक गोष्ट मात्र फावडे उचलण्याआधी पाहायची : ते बीळ बॅजरचे, म्हणजे बीळ करून राहणाऱ्या इथल्या एका संरक्षित प्राण्याचे, तर नाही ना. तोंड उंचीपेक्षा रुंदीला मोठे, बाहेर मातीचा मोठा ढीग आणि ओढून आणलेले वाळके गवत असेल, तर तिथे फेरेट सोडूच नये. 1992 च्या कायद्याने बॅजरचे बीळ उकरणे गुन्हा आहे, आणि माझी फेरेट आत अडकली होती, हे सांगून कोणी सुटेल या भरवशावर राहू नये.

खणूनही ती सापडली नाही, किंवा पट्ट्यातील बॅटरी संपली, तर तुमच्या हातून नकळत घडले तेच योग्य असते, म्हणजे रात्र जाऊ देणे. बाकीची तोंडे मातीने बंद करावीत, एका तोंडाशी तिचाच पेटारा तिच्या वासाच्या गवतासकट उघडा ठेवावा, शक्य असल्यास वाऱ्याच्या अंगाला फाडलेला ससा ठेवावा, म्हणजे वास आत जातो. पहाटे उजाडण्यापूर्वी परत जावे.

मुसक्याविषयी : ही कल्पना फार जुनी आहे. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो याने स्पेनमध्ये सशांसाठी बिळात सोडल्या जाणाऱ्या अशा प्राण्यांना मुसके घालतात, असे दोन हजार वर्षांपूर्वीच नोंदवले आहे. तरीही मी ते बांधणार नाही. मुसके घातलेली फेरेट हरवली तर ती खाऊ-पिऊ शकत नाही, आणि आत एखादा मोठा उंदीर भिडला तर स्वतःचा बचावही करू शकत नाही. त्यापेक्षा सकाळी थोडेसे खायला देऊन न्या. अगदी उपाशी फेरेट मारून खात बसते, आणि पोट गच्च भरलेली झोपते.

खड्डा मात्र त्याच दिवशी बुजवा. बिळाच्या उघड्या तोंडांत आधी हिरवळीची ढेकळे बसवा, मग माती थराथराने टाचेने दाबत भरा, आणि कापून ठेवलेला चौकोन वर बसवा. माझ्या सोबतच्या शेतकऱ्याने एकाला कायमचे हाकलले, ते ससे न मिळाल्यामुळे नव्हे. त्याच्या अर्धवट भरलेल्या खड्ड्यात गाईचा पाय गेला होता.