आर्टेटाला हाकला म्हणण्याआधी

ऑगस्ट २०२५ च्या शेवटी आपली आर्सेनल लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर ०-१ हरल्यावर तू एका दमात दोन प्रश्न टाकलेस: मॅनेजर आर्टेटा घाबरट आहे, त्याला हाकलायचं का, आणि नवा स्ट्रायकर ग्योकेरेसचे पैसे पाण्यात गेले का? माझ्या मते ग्योकेरेसचा दोष तुला वाटतो त्यापेक्षा कमी आहे.

आधी ग्योकेरेस. २०२४-२५ च्या सीझनला पोर्तुगालच्या लीगमध्ये त्याने ३९ गोल मारले, हे सगळ्यांना पाठ आहे. ते कसे मारले, हे किती जणांनी पाहिलं? डिफेंडरच्या पाठीमागे मोकळी जागा मिळाली की डावीकडे सरकायचं, खांद्याला खांदा लावून पुढे निसटायचं आणि आत वळून फटका. लीड्सविरुद्धच्या ५-० मध्ये त्याचा पहिला गोल असाच होता, दुसरा पेनल्टीवर. पण आपल्या घरच्या मैदानावर, एमिरेट्सवर, येणारे बरेचसे संघ दहा माणसं गोलपुढच्या बॉक्सपाशी उभी करतात. एक्स्प्रेसवेवर पळणारी गाडी गौरी यायच्या संध्याकाळी लक्ष्मी रोडवर घालायची आणि वर ॲव्हरेज विचारायचं, असला प्रकार आहे हा. तीन सामन्यांवर त्याचा निकाल लावू नकोस.

खरी दुखरी जागा त्याच्या मागे आहे. २०२३-२४ मध्ये याच आर्टेटाच्या संघाने प्रीमियर लीगमध्ये ९१ गोल केले आणि ८९ गुण मिळवले. तेव्हाही ठरलेला 'नंबर नाइन', म्हणजे सगळ्यात पुढे उभा राहणारा स्ट्रायकर, नव्हताच. सीझनच्या उत्तरार्धात हावर्ट्झ ती जागा सांभाळत होता. पुढच्या सीझनला ६९ गोल, ७४ गुण, १४ बरोबरी. एका वर्षात बावीस गोल गेले कुठे? माझं उत्तर: उजव्या बाजूला. उजवा बॅक बेन व्हाइट, मिडफिल्डर ओडेगार्ड आणि विंगर साका या त्रिकोणावर सगळी आक्रमणं चालायची. व्हाइट बाहेरून धावला की साकावरचा एक डिफेंडर तिकडे ओढला जायचा, ओडेगार्ड मधल्या फटीत यायचा, आणि चेंडू गोललाइनजवळून मागे बॉक्समध्ये. सप्टेंबर २०२४ मध्ये ओडेगार्डचा घोटा गेला, नोव्हेंबरमध्ये व्हाइटच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डिसेंबरमध्ये साकाचं हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू). त्रिकोणाचे तिन्ही कोपरे तुटले. मग जानेवारीत स्ट्रायकर जेझूसचा गुडघा आणि फेब्रुवारीत हावर्ट्झचं हॅमस्ट्रिंग. शेवटी मिडफिल्डर मेरिनोला पुढे उभं केलं. लेस्टरविरुद्ध त्याने बदली येऊन दोन गोल मारले, तेव्हा आपण नाचलो. पुढचे दोन सामने आठव: वेस्ट हॅमकडून घरच्या मैदानावर ०-१, फॉरेस्टकडे ०-०. लीग तिथेच हातातून गेली.

(सगळ्या बरोबरींचं खापर मात्र स्ट्रायकर नसण्यावर फोडू नकोस. ब्रायटन आणि मँचेस्टर सिटीविरुद्धच्या दोन्ही बरोबरी आपल्या राइस आणि ट्रोसार्डच्या लाल कार्डांनंतरच्या आहेत.)

आता आर्टेटा. डिसेंबर २०१९ ला तो आला. २०२० चा एफए कप जिंकला; लीगमध्ये आधी दोनदा आठवा, एकदा पाचवा आणि नंतर २०२५ पर्यंत सलग तीन वर्षं दुसरा. हा आलेख असणाऱ्या माणसाला हाकला म्हणणं मला पटत नाही. पण त्याला दोन गोष्टींचा जाब विचारलाच पाहिजे. पहिली, २०२४ च्या उन्हाळ्यात एन्केटिया आणि स्मिथ रो हे आक्रमक खेळाडू विकले, नेल्सन लोनवर (उसना) दिला आणि बदल्यात शेवटच्या दिवशी लोनवर विंगर स्टर्लिंग आणला. त्याने लीगमध्ये एकही गोल केला नाही. जानेवारीत जेझूस गेल्यावरही नवा माणूस आला नाही. याला दुर्दैव कसं म्हणणार? हिशोब चुकला, आणि तो हिशोब मांडताना आर्टेटा खोलीत होता.

दुसरी गोष्ट तुझ्या 'घाबरट' शब्दाच्या जवळ जाते. ॲनफिल्डवर झुबिमेंडी, राइस, मेरिनो अशी मधली फळी काढली. साका जखमी होता, ओडेगार्डचा खांदा दुखरा होता, हे मान्य. पण आक्रमक मिडफिल्डर एझे बेंचवर होता आणि तो आला सत्तराव्या मिनिटाच्या आसपास. तोवर ग्योकेरेसच्या दहा यार्डांत आपला कुणी नव्हता. लिव्हरपूलही काही फार खेळत नव्हतं; सोबोस्लाईची ८३ व्या मिनिटाची फ्री किक सोडली तर सामना झोपेचाच होता. जिंकता येण्यासारखा सामना त्याने न हरण्यासाठी मांडला आणि तोही हरला. इथे तुझा राग रास्त आहे.

तरी मॅनेजर बदलणं हा उपाय आपण पुणेकरांनी बालेवाडीत बघितलाय की. २०१७-१८ मध्ये पोपोविचच्या हाताखाली एफसी पुणे सिटी इंडियन सुपर लीगमध्ये चौथी आली, सेमीफायनल खेळली, मार्सेलिन्हो-अल्फारो जोडी धमाल करत होती. पोपोविच गेला, पोर्तुगाल नावाचे स्पॅनिश कोच आले आणि सीझन जेमतेम सुरू होतोय तोवर त्यांनाही नारळ. मग हंगामी म्हणून प्रद्युम रेड्डी, मग फिल ब्राउन. सुरुवातीला जोडी तीच, तरी संघ सातवा. वर्षभरात तर क्लबच राहिला नाही, त्याची लीगमधली जागा हैदराबादच्या क्लबने घेतली. (ते मालकांच्या पैशाचं प्रकरण, कोचचं नव्हे, पण अजून सलतं.)

तेव्हा १३ सप्टेंबर २०२५ ला संध्याकाळी पाचला फॉरेस्टविरुद्धची मॅच लावशील, तेव्हा ग्योकेरेसचे गोल मोजू नकोस. त्याच्याजवळ कोण उभं आहे ते बघ. एझे सुरुवातीपासून आहे का, साका नसताना विंगर माडुएके गोललाइनपर्यंत जातो की दर वेळी आत वळून डाव्या पायाने मारतो, आणि उजवा बॅक त्याच्या बाहेरून धावतो का. हे तिन्ही दिसलं आणि तरीही ग्योकेरेस डिसेंबरपर्यंत कोरडाच राहिला, तर पुन्हा विचार, मग त्याच्याबद्दल बोलू. एझे पुन्हा बेंचवर दिसला तर मात्र आर्टेटाला शिव्या घालायला मी तुझ्याआधी हजर असेन.