मंत्र्यांच्या आधी 'कोरेपर' बघा

युरोपीय संघाचा अभ्यास नव्याने सुरू करताय ना? मग मंत्र्यांचे फोटो आणि निवेदनं जरा बाजूला ठेवा. खरी घासाघीस ब्रसेल्समध्ये आधीच उरकलेली असते: कार्यगटांत, मग सदस्य देशांच्या राजदूतांच्या 'कोरेपर' समितीत. सदस्य देशांचे मंत्री जिथे निर्णय घेतात, त्या मंत्रिपरिषदेची विषयपत्रिका उघडून बघा. 'ए'खालचे मुद्दे सहसा चर्चेविनाच मंजूर होतात. भांडणं सगळी 'बी'मध्ये. बहुमताचं गणित साधारण असं: २७ पैकी १५ देश आणि ६५ टक्के लोकसंख्या. (करांच्या बाबतीत मात्र एकमतच लागतं, म्हणून ते विषय रखडतात.)

माझ्या मते जास्त मजा राजधान्यांत आहे. डेन्मार्कचा मंत्री महत्त्वाच्या विषयांवर संसदीय समितीची संमती घेऊनच निघतो. फ्रान्समध्ये पंतप्रधानांच्या अखत्यारीतलं सचिवालय सगळ्या मंत्रालयांची एकच भूमिका ठरवतं. जर्मनीत आघाडीतल्या पक्षांचं जमलं नाही, की एवढा मोठा देश मतदानात तटस्थ!