लाभवाटप की लाभातला वाटा?

प्रश्न असा आला आहे : जैवविविधतेवरच्या मजकुरात ‘बेनिफिट शेअरिंग’ला, म्हणजे सजीवांपासून झालेल्या लाभातला हिस्सा ते जिथले त्या देशांना आणि समुदायांना देण्याला, ‘लाभवाटप’ म्हणतात. सजीवांच्या जनुकीय क्रमाची डिजिटल माहिती वापरून जो नफा होतो, त्याबद्दल लिहितानाही तोच शब्द घ्यावा का?

मी ‘वाटा’ घेईन.

‘वाटप’ चूक नाही. भावाभावांत जमीन विभागायची तर कोर्टात वाटपाचाच दावा लावतात, आणि तिथे तो हक्क असतो. (कोकणातलं खोबऱ्याचं वाटप वेगळं, ते पाट्यावरचं.) पण रोजच्या कानाला वाटप म्हणजे वह्यावाटप, साडीवाटप. देणारा मंचावर, घेणारा रांगेत. ‘त्यात माझा वाटा आहे’ असं ठणकावून सांगता येतं. ‘त्यात माझं वाटप आहे’ असं म्हणून बघा.

शिवाय ‘वाटा’ दोन्हीकडून बोलतो. ‘खारीचा वाटा उचलला’ यात तो आपण घातलेला असतो, ‘माझ्या वाट्याला काय आलं?’ यात मिळालेला. या विषयात नेमका हाच हिशेब आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या एका रानभाताचं उदाहरण घ्या. त्यातलं जिवाणूजन्य करप्याला दाद न देणारं जनुक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 1995 मध्ये वेगळं केलं. तेव्हा त्यासाठी रोप हातात असावं लागलं. आज एखाद्या जनुकाचा क्रम, म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांची लांबलचक ओळ, खुल्या संग्रहातून उतरवून घेतली की डीएनए प्रयोगशाळेत बनवता येतो. अशा लाभाबद्दलचा 2010 चा आंतरराष्ट्रीय नागोया करार परवानगी आणि अटी ठरवतो त्या प्रत्यक्ष नमुना घेताना. अक्षरांना ना पिशवी लागते ना सीमा ओलांडावी लागते. म्हणून इथे ‘वाटणी’ही जमत नाही. वाटणीला भाऊ माहीत असावे लागतात, आणि हजारो क्रम एकत्र चाळणाऱ्या कंपनीला कुठला क्रम कुणाच्या रानातला हे सांगता येत नाही. वाटा मात्र सामाईक निधीतही असू शकतो.

तसा निधी स्थापण्याचं 2022 मध्ये माँट्रियलला, संयुक्त राष्ट्रांच्या जैवविविधता परिषदेत ठरलं. 2024 मध्ये कोलंबियातल्या काली शहरात त्याला रूप आलं, नावही ‘काली निधी’. औषधं, सौंदर्यप्रसाधनं, बियाणं अशा क्षेत्रांतल्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा 1 टक्का किंवा महसुलाचा 0.1 टक्का त्यात द्यावा, आणि निदान निम्मा पैसा आदिवासी व स्थानिक समुदायांच्या गरजांसाठी जावा, असा तो निर्णय.

इथे क्रियापदही जपा. ‘द्यावा’ असंच लिहा, ‘द्यावा लागेल’ नको. सक्ती नाही, आणि मराठीत ती चुकून आली तर वाचकाला वाटेल की प्रश्न मिटला. विशेषण हवं असेल तर ‘रास्त’ घ्या, रेशनच्या दुकानाच्या पाटीमुळे तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे : ‘जनुकीय माहितीच्या लाभातला रास्त वाटा’.