बीपीएमएनमध्ये (कामाचा ओघ चौकटी-बाणांनी दाखवायची प्रमाण पद्धत) काढलेली बिझनेस प्रोसेस प्रॉडक्शन कंट्रोलला कशी जोडायची? कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

सॉफ्टवेअरचं शेवटी बघा. आधी आकृतीतला एकेक बाण धरा आणि विचारा, हा बाण पुढे सरकतो तेव्हा शॉपमध्ये कोणाच्या हातात काय असतं? जॉब कार्ड, टॅग, चलन, काहीतरी असलंच पाहिजे. नसेल तर तो बाण खोटा.

मी चाकणला गिअर शाफ्टच्या कारखान्यात नऊ वर्षं पीपीसी, म्हणजे उत्पादनाचं प्लॅनिंग आणि कंट्रोल, सांभाळलं. तिथे कन्सल्टंटनी तीन महिने कॉन्फरन्स रूममध्ये बसून स्विमलेनची, म्हणजे प्रत्येक विभागाला वेगळा पट्टा असलेली, झकास आकृती काढली आणि भलीमोठी छापून भिंतीवर लावली. हीट ट्रीटमेंटनंतर ‘क्वालिटी ओके?’ असा निर्णयाचा डायमंड. हो असेल तर ग्राइंडिंग, नाही तर स्क्रॅप. मी विचारलं, साहेब, परत हार्डनिंगला जाणारा माल कुठून जाणार? आयटी हेड म्हणाले, “ते एक्सेप्शन आहे, आधी मेन प्रोसेस बसू दे.” एक्सेप्शन म्हणे! रिवर्क नाही असा आठवडा मी तिथे पाहिला नाही.

गो-लाइव्हनंतरचा, म्हणजे त्या आकृतीवरून बांधलेली सिस्टिम चालू झाल्यानंतरचा, दुसरा महिना, तारीख एकोणतीस. भोसरीहून हीट ट्रीटमेंटच्या जॉबवर्कचा ४०० नगांचा लॉट आला. हवं ५८ ते ६२ एचआरसी (कडकपणाचं माप), त्यातल्या ६० नगांना लागत होतं ५४. सिस्टिमला ओके आणि स्क्रॅप एवढंच कळायचं. स्क्रॅप टाकलं तर कॉस्टिंगवाले अंगावर येणार, म्हणून सेकंड शिफ्टच्या सुपरवायझरनं ४०० च्या ४०० ओके टाकले, आणि साठ नग पिवळा टॅग लावून ट्रॉलीत, कंप्रेसर रूमच्या मागे. स्वतःच्या वहीत मात्र त्यानं नीट लिहिलं होतं : ‘६० नग, परत भोसरी, चलन बाकी.’ सिस्टिमनं ४०० वर ग्राइंडिंगचा प्लॅन काढला, डिस्पॅचनं ग्राहकाला ४०० कबूल केले. रात्री अकराला मी मोबाइलच्या उजेडात ट्रॉल्या मोजतोय. नग सापडले, पण गेटबाहेर काढता येईनात. सिस्टिमच्या लेखी ते ग्राइंडिंगला लागलेले, मग हीट ट्रीटमेंटचं चलन निघणार कशावर?

मेमो कोणाला मिळाला? सुपरवायझरला. ‘चुकीची एन्ट्री.’ आयटी हेडशी माझं तेव्हापासून बिनसलं ते बिनसलंच. बारावी पास माणसाची वही बरोबर होती, भिंतीवरचा कागद चूक होता, एवढं ते कधी कबूल करायला तयार नव्हते.

दोष बीपीएमएनचा नाही. २०११ च्या २.० आवृत्तीत मागे फिरणारा फ्लो, एरर इव्हेंट, बाहेरच्या पार्टीला जाणारा मेसेज सगळं आहे. काढणाऱ्यानं काढलं पाहिजे. दुसरी चूक उलट्या टोकाची : प्रत्येक ऑपरेशनला कन्फर्मेशन, म्हणजे काम झाल्याची नोंद, मागणं. ऑपरेटर शिफ्ट संपताना सगळं एकदम भरतो, आणि आठ तासांचा माल साडेतीनला पाच मिनिटांत तयार झालेला दिसतो. आयएसए-९५ मध्ये (ऑफिस आणि शॉपच्या सिस्टिम जोडायचं स्टँडर्ड) ईआरपी, म्हणजे ऑर्डर-स्टॉक-हिशोबाची कंपनीची सिस्टिम, चौथ्या पातळीवर, दिवस-आठवड्यांच्या हिशोबात. एमईएस, म्हणजे शॉपवरचं काम चालवणारी सिस्टिम, तिसऱ्या पातळीवर, शिफ्ट आणि मिनिटांच्या. दोन्हींची गाठ माल हात बदलतो तिथेच मारा : ऑर्डर रिलीज, स्टोअर इश्यू, चलनावर बाहेर, इनवर्ड, रिवर्क, फायनल. मधलं शॉपला सांभाळू द्या. ईआरपी सॅप असेल तर बॅकफ्लश (काम झाल्याच्या नोंदीवरून स्टॉकमधून माल आपोआप वजा होणं) फसलेल्या नोंदी कोगीच्या यादीत साठतात. ती रोज सकाळी उघडा, मॉडेल कुठे खोटं बोलतंय ते तिथे दिसतं. आमच्याकडे ती महिनाअखेरीलाच उघडायचे.

हे सगळं मशीनिंगपुरतं, बरं का. फार्मा किंवा केमिकल असेल तर माझं ऐकू नका. तिथे आयएसए-८८ (बॅच उत्पादनाचं स्टँडर्ड) प्रमाणे रेसिपी आणि बॅच आधीच बांधलेली असते, ती गोष्टच वेगळी. आणि सुपरवायझरनं खोटा आकडा टाकायला नको होता, हेही खरं. मला फोन केला असता तर मी लॉट फोडून दिला असता.

सॉफ्टवेअरचं राहिलंच. आहे त्या ईआरपीत रिवर्क ऑर्डर निघते का, आधी ते तपासा. आणि मॉडेलिंगची मीटिंग लावाल तेव्हा सेकंड शिफ्टच्या माणसाला त्याच्या वहीसकट बोलवा. साडेतीनच्या आत, नंतर तो लाइन सोडून येणार नाही.