आमदारांच्या लेखी प्रश्नांनी खरंच काही होतं का?

तुम्ही विचारलंय की आमदार अधिवेशनात लेखी प्रश्न टाकतात, त्याने सरकारला काही फरक पडतो की नुसते कागद रंगतात. मी नाशिकमध्ये एका सरकारी कार्यालयात बरीच वर्षं कारकून होतो. अशा प्रश्नांच्या उत्तरांचे मसुदे माझ्याच टेबलावर व्हायचे. फरक पडतो, पण प्रश्न कसा लिहिलाय यावर सगळं आहे.

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितचं उत्तर फक्त लेखी येतं. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतात, यावरून लेखी उत्तरांचं वजन लक्षात येईल. सप्टेंबर २०२० मध्ये कोविडमुळे संसदेतला प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला, तेव्हाही लेखी उत्तरं सुरूच होती.

आपल्याकडे प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. ‘अमुक झाले, हे खरे आहे काय, असल्यास, कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ यातली पहिली ओळ फार जपून लिहावी लागते. गावाचं नाव किंवा साल जरा चुकलं, की कार्यालय ‘हे खरे नाही’ असं लिहून मोकळं होतं आणि पुढच्या प्रत्येक भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही’. असे मसुदे मीही लिहिलेत. नियमाला धरून होते, पण त्या गावाचं काम तिथेच अडलं, हे मला आजही खुपतं.

उलटही पाहिलंय. पेठ तालुक्यातल्या एका फरशीपुलाची फाईल दोन पावसाळे हलली नव्हती. मग तारांकित आला. त्यात मंजुरीची तारीख होती, रक्कम होती आणि कार्यारंभ आदेश कधी दिला, असा थेट सवाल होता. मी सवयीने ‘कार्यवाही प्रगतिपथावर आहे’ लिहिलं. साहेबांनी लाल पेनाने ते खोडलं. म्हणाले, “तारीख विचारलीय, तारीख द्या.” द्यायला तारीखच नव्हती. त्याच संध्याकाळी शाखा अभियंता जागेवर गेले आणि उत्तर मंत्रालयात पोचायच्या आत आदेश निघाला. सभागृहात तो प्रश्न पुकारलाही गेला नाही.

असं होतं, कारण ते उत्तर मंत्र्यांच्या नावाने जातं. माहिती जाणूनबुजून खोटी दिली तर हक्कभंगाची, म्हणजे सभागृहाचा मान मोडल्याबद्दलच्या कारवाईची, वेळ येऊ शकते, म्हणून खालपासून वरपर्यंत प्रत्येक जण आकडा पुन्हा तपासतो. एरवी लोकांच्या साध्या अर्जांना एवढी कुणी दाद देत नाही.

तेव्हा गावातलं काम अडलं असेल तर आमदारांकडे नुसतं निवेदन देऊ नका. मंजुरीच्या आदेशाची झेरॉक्स, त्यावरचा क्रमांक आणि तारीख, जागेचे फोटो, हे द्या. अधिवेशनाच्या तोंडावर नको, भरपूर वेळ हाताशी ठेवून द्या, कारण प्रश्नाची सूचना बरीच आधी द्यावी लागते. प्रश्न एकाच कामाबद्दल ठेवायला सांगा. आणि उत्तरात मंत्र्यांनी ‘करण्यात येईल’ असं म्हटलं असेल तर ती ओळ अधोरेखित करून पुन्हा आमदारांकडे जा. अशा शब्दांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते.